क्षणभर थबकलेले चित्र

पडद्यावर एक मोटार भरधाव धावत असते. वळण जवळ येते. खेळणारा मुलगा योग्य क्षणी कळ दाबण्यासाठी बोट सरसावतो, तोच समोरच्या टेकडीआड मोठा स्फोट होतो आणि सारे चित्र जागच्या जागी थबकते. डोळ्याचे पाते लवते न लवते तो ते पुन्हा हलू लागते खरे. पण तेवढ्यात मोटार कठड्यावर आदळलेली असते. मुलगा संगणकाला दोष देतो. ‘फार मंद आहे हा!’ असे तो म्हणतो. नवल असे की, तोच खेळ त्याने पुन्हा सुरू केला आणि त्याच टेकडीआड तसाच स्फोट झाला, तर ह्या खेपेस चित्र मुळीच थांबत नाही. संगणक तोच, खेळ तोच, स्फोटही तोच. मग मंद यंत्र एकाएकी चपळ कसे झाले? वास्तविक तसे काहीच झालेले नसते. पहिल्या वेळी संगणकाला एक काम अगदी ऐन वेळी करावे लागले. दुसऱ्या वेळी तेच काम पूर्वी करून ठेवलेले त्याला सापडले. अशा करून ठेवलेल्या कामाच्या साठ्याला शेडर कॅशे असे नाव आहे. हा अनुभव विशेषेकरून एम्युलेटरवर खेळणाऱ्यांना येतो. तो का येतो, हे समजण्यासाठी प्रथम एम्युलेटर म्हणजे काय ते पाहावयास हवे.

केवळ व्हिडिओ गेम खेळण्यासाठी बनविलेल्या यंत्राला कन्सोल म्हणतात. जपानमधील निन्टेन्डो ह्या कंपनीने १४ सप्टेंबर २००१ रोजी गेमक्यूब नावाचा एक कन्सोल आपल्या देशात विक्रीस आणला. चौकोनी ठोकळ्यासारखे दिसणारे आणि उचलून नेण्यासाठी मागे मूठ असलेले हे यंत्र लहानशा चकत्यांवर साठविलेले खेळ वाचीत असे. त्याचे उत्पादन २००७ साली थांबले. आता यंत्र म्हटले की ते झिजावयाचेच. चकती वाचणारा लेसर क्षीण होतो, सुटे भाग मिळेनासे होतात आणि यंत्र बंद पडते. यंत्र गेले की त्याच्याच भाषेत लिहिलेले खेळही मुके होतात. चकती हाती असते, पण ती वाचणारे कोणी उरत नाही. जुन्या लिपीतील कागद जपून ठेवावा, परंतु ती लिपी जाणणारा मनुष्यच गावात राहू नये, तशी ही स्थिती होय.

ह्या अडचणीवर एम्युलेटर हा उपाय आहे. एम्युलेटर ही एक आज्ञावली असते. ती साध्या संगणकाला जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल करावयास लावते. खेळाला वाटते की, आपण गेमक्यूबमध्येच चालत आहो. प्रत्यक्षात त्याची प्रत्येक आज्ञा एम्युलेटर ऐकतो, तिचा अर्थ लावतो आणि संगणकाला समजेल अशा शब्दांत ती पुढे पोचवितो. हा एक अखंड बोलणारा दुभाष्याच म्हणावयाचा! गेमक्यूबच्या खेळांसाठी डॉल्फिन नावाचा एम्युलेटर २००३ साली प्रथम प्रसिद्ध झाला. गेमक्यूब तयार होत असताना कंपनीने त्याला हेच सांकेतिक नाव दिले होते, त्यावरून हे नाव पडले. २००८ सालापासून डॉल्फिनची आज्ञावली कोणीही वाचावी व सुधारावी अशी खुली करण्यात आली. निन्टेन्डोने २००६ साली आणलेल्या वी ह्या कन्सोलचे खेळही तो चालवितो. अर्थात जुना खेळ जपणे निराळे आणि न विकत घेतलेल्या खेळाची चोरून प्रत उतरविणे निराळे. एम्युलेटर हाती आला म्हणून हा भेद पुसला जात नाही.

आता पडद्यावरील चित्राकडे वळू. खेळातील चित्र हलते असे आपणांस वाटते, पण तो दृष्टीचा भ्रम असतो. एका सेकंदात साठ, निदान तीस, निरनिराळी स्थिर चित्रे एकामागून एक दाखविली जातात आणि डोळ्यांना ती सलग भासतात. सेकंदाला साठ चित्रे दाखवावयाची, तर प्रत्येक चित्र पुरे करण्यास सुमारे १७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एवढ्याशा वेळात लाखो ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. भिंतीचा ठिपका असेल, तर तिचे दगड कोणत्या पोताचे आहेत, प्रकाश कोठून येतो, मध्ये धुके किती आहे, जवळच्या मशालीची तांबूस झाक तिच्यावर पडली आहे काय, ह्या सर्वांचा मेळ घालून एक रंग काढावयाचा असतो. हा हिशेब कसा करावा हे सांगणाऱ्या छोट्या आज्ञावलीस शेडर म्हणतात. शेड म्हणजे छटा. छटा ठरविणारा तो शेडर. पाण्यासाठी एक शेडर, धुरासाठी दुसरा, चकाकणाऱ्या चिलखतासाठी तिसरा, असे एका खेळात शेकडो शेडर लागतात.

गेमक्यूबमध्ये मात्र आजच्या अर्थाने शेडर नव्हतेच, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे. त्याच्या फ्लिपर नावाच्या ग्राफिक्स चिपमध्ये रंगांचे मिश्रण करणाऱ्या सोळा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर चार ठिकाणांहून रंग घ्यावयाचे, सांगितलेल्या रीतीने ते मिसळावयाचे आणि आलेला रंग पुढील पायरीकडे सोपवावयाचा. कोणत्या पायरीने कोणते रंग घ्यावे, हे जणू लहान लहान कळा फिरवून ठरविले जाई. खेळाने कळा फिरविल्या की पुढचाच ठिपका नव्या रीतीने रंगू लागे. कसलीही पूर्वतयारी नको, वाट पाहणे नको. म्हणूनच खेळ लिहिणाऱ्यांनी ह्या कळा मनसोक्त, वाटेल तेव्हा फिरविल्या. आपल्या खेळात कळांच्या कोणकोणत्या रचना येणार, ह्याची यादी चकतीवर लिहून ठेवण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते.

आजच्या संगणकातील ग्राफिक्स चिप अगदी वेगळ्या वळणाची आहे. तिच्यात अशा ठरीव कळा नाहीत. तिला प्रत्येक गोष्ट आज्ञावली लिहूनच सांगावी लागते. त्यामुळे खेळाने कळांची नवी रचना केली की, डॉल्फिन त्या रचनेचा अर्थ लावून तेवढ्यापुरता एक शेडर लिहितो. परंतु तो लिहून भागत नाही. एनव्हिडिया, एएमडी, इंटेल अशा निरनिराळ्या कंपन्यांच्या चिपांची अंतर्गत भाषा निरनिराळी असते. एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या चिपांतही फरक असतो. म्हणून लिहिलेला शेडर ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीकडे जातो आणि ड्रायव्हर त्याचे त्या विशिष्ट चिपच्या भाषेत रूपांतर करतो. ह्या क्रियेला कंपाइल करणे असे म्हणतात. एवढे झाल्यावरच पहिला ठिपका रंगतो. कंपाइल करण्यास कधी थोडे मिलिसेकंद पुरतात, तर कधी सेकंदाचा दहावा भागही लागतो. एकाच वेळी पाचसहा नवे शेडर आले, तर विलंब आणखी वाढतो. चित्रासाठी अवधी असतो केवळ १७ मिलिसेकंदांचा. तेव्हा चित्र थबकणार नाही तर काय होणार? स्फोट पहिल्यांदा झाला म्हणजे धूर, ज्वाळा, ठिणग्या आणि हवेची थरथर ह्यांचे नवे शेडर एकदमच लागतात, आणि खेळणाऱ्याला जेव्हा सर्वांत अधिक सावध राहावे लागते, नेमका तेव्हाच खोळंबा होतो.

हे सारे एका घरगुती उदाहरणाने स्पष्ट होईल. सणासुदीच्या दिवसांत बाजारात रांगोळीचे छाप मिळतात. पत्र्याला बारीक भोके पाडून त्यांत कमळ, स्वस्तिक, गोपद्म अशा आकृती केलेल्या असतात. छाप अंगणात ठेवून त्यावरून रांगोळी पसरली की, क्षणात आकृती उमटते. परंतु तो छाप तयार करावयाचा झाला, तर पत्रा कापून एकेक भोक पाडीत बसावे लागते. आता अशी कल्पना करा की, एका घरी अंगणात रांगोळी घालण्याचे काम चालू आहे आणि घरातील आजीबाई दर मिनिटाला नवी आकृती सांगत आहेत. आकृती नवी असली की काम थांबवून आधी छाप तयार करावा लागतो. सारे अंगण तोपर्यंत तिष्ठत राहते. शेडर कंपाइल करणे म्हणजे हा छाप तयार करणे होय, आणि तो वापरून ठिपके रंगविणे म्हणजे वरून रांगोळी पसरणे होय. पहिले काम संथ, दुसरे अतिशय वेगाचे.

शहाणा मनुष्य एकदा तयार केलेला छाप टाकून देणार नाही. तो फडताळात ठेवील, त्यावर खूण करील आणि तीच आकृती पुन्हा मागितली की काढून देईल. शेडर कॅशे हेच करते. खेळाने कळांची एखादी रचना केली की, एम्युलेटर त्या रचनेवरून एक ओळखचिठ्ठी बनवितो आणि तशी चिठ्ठी साठ्यात आहे काय हे प्रथम पाहतो. असली, तर तयार शेडर उचलून चिपकडे देतो. ह्याला वेळ लागत नाही म्हटले तरी चालेल. नसली, तर मात्र नवा शेडर लिहून कंपाइल करावा लागतो, आणि मग तो पुढच्या वेळेसाठी साठ्यात जातो.

हा साठा दोन ठिकाणी असतो. खेळ चालू असताना तयार झालेले शेडर संगणकाच्या स्मृतीत असतात. पण खेळ बंद केला की ती स्मृती पुसली जाते. म्हणून ते डिस्कवरही उतरवून ठेवतात. डिस्कवरील साठा संगणक बंद केल्यावरही टिकतो. दुसऱ्या दिवशी टेकडीआडचा स्फोट विनाविघ्न पार पडतो तो ह्या डिस्कवरील साठ्याच्या कृपेनेच. येथे एक बारीक युक्तीही आहे. छाप एकच असला तरी त्यावरून पांढरी, हिरवी वा गुलाबी रांगोळी पसरता येते. रंग बदलला म्हणून कोणी नवा छाप करीत नाही. त्याप्रमाणे जे नुसते आकडे बदलणारे आहेत, उदाहरणार्थ धुक्याचा रंग किंवा प्रकाशाची दिशा, ते शेडरमध्ये कोरून न टाकता त्याला बाहेरून पुरविले जातात. ही काळजी घेतली नसती, तर दिवस मावळताना आकाशाच्या प्रत्येक छटेगणिक एक नवा शेडर तयार करीत बसावे लागले असते आणि साठा निरुपयोगी वस्तूंनी भरून गेला असता.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. शेडर कॅशेने संगणकाचा वेग वाढत नाही. ज्या संगणकाला एखादे चित्र काढण्यास मुळातच तीस मिलिसेकंद लागतात, त्याला कितीही मोठा साठा दिला तरी तेवढेच लागणार. साठ्यामुळे वाचतो तो पुन्हा पुन्हा होणारा खोळंबा. मंद चालणे आणि मध्येच अडखळणे हे दोन स्वतंत्र दोष आहेत, आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. गल्लत होण्यास सरासरीही कारणीभूत असते. समजा, एका मिनिटात दहा वेळा चित्र थबकले आणि प्रत्येक वेळी सेकंदाचा पाचवा भाग वाया गेला. म्हणजे एकंदर दोन सेकंद गेले. साठ सेकंदांत ३,६०० चित्रे दिसावयाची, त्यांतील १२० बुडाली, ३,४८० दिसली. सरासरी काढली तर सेकंदाला ५८ चित्रे! हा आकडा पाहणाऱ्याला वाटावे की सर्व काही जवळजवळ उत्तम चालले आहे. खेळणाऱ्याला मात्र मिनिटात दहा हिसके बसलेले असतात. सबंध वर्षात पडलेल्या पावसाची सरासरी चांगली असूनही ऐन पेरणीच्या पंधरवड्यात थेंब न पडल्यामुळे शेतकरी बुडावा, त्यांतलाच हा प्रकार. एम्युलेटरचे परीक्षण करताना म्हणूनच जाणकार सरासरीवर विसंबत नाहीत. प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले ह्याचा आलेख ते पाहतात. त्या आलेखात सपाट रेषेतून एकदम उभे राहिलेले सुळके दिसले की खोळंबा कोठे झाला हे कळते.

साठ्याच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पहिली मर्यादा उघड आहे. जे पूर्वी कधी पाहिलेच नाही, ते साठ्यात असणार नाही. खेळातील नव्या प्रदेशात पाऊल टाकले की खोळंबे पुन्हा सुरू होतात, आणि नवे प्रदेश पाहण्यासाठीच तर खेळ खेळावयाचा! दुसरी मर्यादा अशी की, हा साठा विशिष्ट यंत्रापुरता असतो. ग्राफिक्स चिप बदलली तर जुने छाप नव्या अंगणात बसत नाहीत. नुसता ड्रायव्हर नवा घेतला तरी त्याची रूपांतराची पद्धत बदललेली असू शकते, म्हणून जुने रूपांतर टाकून द्यावे लागते. एम्युलेटरनेच शेडर लिहिण्याची आपली रीत सुधारली, तरी तेच. अशा सुधारणेनंतर ‘काल सुरळीत चालणारा खेळ आज का अडखळतो?’ अशी तक्रार ऐकू येते. तिचे उत्तर बहुधा एवढेच असते की, साठा रिकामा होऊन पुन्हा भरत आहे.

मग दुसऱ्याने भरलेला साठा आपण आणला तर? ही कल्पना पुष्कळांना सुचली. निन्टेन्डोच्या वी यू ह्या २०१२ सालच्या कन्सोलसाठी सेमू नावाचा एम्युलेटर आहे. तो २०१५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. वी यू यंत्रात गेमक्यूबप्रमाणे कळा नव्हत्या, खरेखुरे शेडर होते. सेमूने आपला साठा दोन भागांत विभागला. एका भागात कन्सोलचे मूळ शेडर जसेच्या तसे टिपून ठेवलेले असतात. हा भाग कोणत्याही संगणकावर नेता येतो. दुसऱ्या भागात त्या त्या संगणकाच्या चिपसाठी केलेले रूपांतर असते. ते दुसरीकडे उपयोगी पडत नाही. ज्याने सबंध खेळ खेळून संपविला आहे त्याच्याकडील पहिला भाग आणला, की खेळ सुरू होण्यापूर्वीच सर्व शेडरांची यादी हाती येते. कंपाइल करणे टळत नाही, पण ते आरंभी एकदम उरकून घेता येते. रांगोळीच्या भाषेत बोलावयाचे, तर शेजारणीकडून छाप आणले नाहीत, आकृत्यांची वही आणली. छाप घरीच, पण सण येण्याआधी तयार केले. डॉल्फिनमध्येही पुढे अशीच सोय झाली. पूर्वी भेटलेल्या रचनांच्या ओळखचिठ्ठ्या तो जपून ठेवतो, आणि खेळणाऱ्याने तशी इच्छा दर्शविली तर खेळ उघडताना त्या सर्वांचे शेडर आधी कंपाइल करतो. ड्रायव्हर बदलला तरी चिठ्ठ्या शाबूत राहतात, हा त्यांतला मोठा लाभ.

कोणी विचारील की, अशा उसन्या वह्यांच्या भानगडीत न पडता शक्य असलेल्या सर्व रचनांचे शेडर एकदाच का तयार करून ठेवू नयेत? ह्याचे उत्तर गणितच देते. फ्लिपरच्या प्रत्येक पायरीवर रंगासाठी चार जागा असून प्रत्येक जागी सोळांपैकी कोणताही एक पर्याय निवडता येतो. म्हणजे एका पायरीच्या १६ × १६ × १६ × १६ = ६५,५३६ रचना झाल्या. अशा सोळा पायऱ्या. तेव्हा ६५,५३६ ह्या संख्येला स्वतःनेच सोळा वेळा मांडून गुणावयाचे. येणारी संख्या अठ्ठ्याहत्तर अंकी होते. आणि ह्यात केवळ रंग कोठून घ्यावा एवढ्याच निवडी मोजल्या आहेत. मिश्रणाची रीत, पारदर्शकता आणि इतर कळा जमेस धरल्याच नाहीत. सेकंदाला एक अब्ज शेडर तयार करणारे यंत्र कोणी बांधले तरी हे काम संपणार नाही. प्रत्यक्ष खेळात ह्यांतील अगदी मूठभर रचना येतात. पण त्या कोणत्या, हे खेळ चालल्यावाचून कळत नाही.

काहींनी निराळी वाट धरली. शेडर तयार होईपर्यंत खेळ थांबवावयाचा नाही. ज्या वस्तूचा शेडर तयार नाही ती वस्तू तेवढी चित्रातून गाळावयाची. स्फोट होतो, मोटार धावत राहते. ज्वाळा मात्र क्षणभराने प्रकट होतात. ह्या युक्तीने हिसके नाहीसे होतात हे खरे, पण चित्र खोटे होते. समोरचा शत्रूच दिसला नाही, तर चित्र सुरळीत चालून काय उपयोग? शिवाय काही खेळ एखादी आकृती एकदाच काढून ठेवतात आणि नंतर तीच पुन्हा पुन्हा दाखवितात. ती पहिल्या वेळी गाळली गेली, तर पुढे बराच काळ तेथे रिकामी जागाच राहते. जुन्या खेळाचे जतन करावयाचे म्हणून जो एम्युलेटर लिहावयाचा, त्यात मूळ चित्र बिघडविणारा उपाय पहिला म्हणून स्वीकारणे उचित नव्हे; आणि डॉल्फिनच्या कर्त्यांनी, ही सोय पुढे ठेवली तरी, तेवढ्यावर समाधान मानले नाही.

त्यांनी शोधलेला मार्ग मोठा मनोरंजक आहे. प्रत्येक आकृतीसाठी छाप करावा लागतो म्हणून खोळंबा होतो. मग छापच नको! आकृती सांगितली की ती ऐकून हाताने रांगोळी काढणारी एखादी निपुण स्त्री अंगणात बसविली तर? ती छापाहून सावकाश काढील, पण सांगितलेली आकृती ताबडतोब काढावयास लागेल. डॉल्फिनमध्ये असाच एक मोठा शेडर लिहिण्यात आला. फ्लिपर चिपची सोळाही पायऱ्यांची कारागिरी त्या एका शेडरात उतरविलेली आहे. कळांची रचना त्याला माहिती म्हणून पुरवावयाची. ती वाचून प्रत्येक ठिपका कसा रंगवावयाचा हे तो स्वतःच ठरवितो. अशा शेडरला उबरशेडर म्हणतात. हे उबरशेडर थोडकेच असल्यामुळे आरंभीच कंपाइल होतात, आणि मग खेळाने वाटेल ती नवी रचना पुढे केली तरी काही तयार करावे लागत नाही.

हे इतके सोपे होते, तर आधीच का केले नाही? कारण प्रत्येक ठिपक्यासाठी सबंध रचना वाचीत बसणे फार जड काम आहे, आणि एवढे ओझे ग्राफिक्स चिपला पेलणार नाही, असा पुष्कळांचा समज होता. ‘असे असेल तर हे कर, नाही तर ते कर’ अशा फाट्यांनी भरलेली आज्ञावली ह्या चिपांना मानवत नाही हे खरेच आहे. शेजारशेजारचे ठिपके वेगवेगळ्या फाट्यांनी गेले की त्या रखडतात. पण येथे एका वस्तूचे सारे ठिपके एकाच रचनेने रंगत असल्यामुळे ते सर्व एकाच फाट्याने जातात, आणि नव्या चिपा ते ओझे सहन करू शकतात असे प्रयोगान्ती दिसून आले. जुलै २०१७ मध्ये उबरशेडर डॉल्फिनमध्ये दाखल झाले.

तरीही नुसत्या उबरशेडरवर सदैव खेळावयाचे तर चिप बलवान हवी. साध्या संगणकाची त्यात दमछाक होते. म्हणून त्याला साठ्याची जोड देण्यात आली, आणि ही जोडच खरी कल्पकता होय. नवी रचना आली की अंगणातील निपुण स्त्री ती हाताने काढावयास लागते. त्याच वेळी आत माजघरात कोणी तरी त्या आकृतीचा छाप तयार करीत असतो. छाप बाहेर आला की हाताचे काम थांबते आणि पुढील आकृती छापाने उमटू लागतात. म्हणजे अडखळणे टळते, चित्र खरे राहते आणि उबरशेडरचे ओझे चिपवर फार वेळ पडत नाही. तयार झालेला छाप फडताळात जातोच. त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्या आकृतीसाठी हाताचे कामच करावे लागत नाही. पडद्यासमोरच्या मुलाला ह्या धावपळीचा मागमूसही लागत नाही. ज्या संगणकाची चिप अगदीच दुबळी आहे, त्यावर मात्र उबरशेडरचा तेवढा वेळही जड जातो, आणि त्याला साध्या साठ्यावरच भागवावे लागते.

शेडर तयार करण्याचा हा प्रश्न एम्युलेटरपुरताच आहे असे नाही. संगणकासाठी लिहिलेल्या आजच्या नव्या खेळांतही तो येतो, कारण तेथेही प्रत्येकाची चिप वेगळी. कन्सोलवर तो सहसा जाणवत नाही. तेथे लाखो घरांत एकाच जातीचे यंत्र असल्यामुळे खेळाबरोबरच तयार शेडर देता येतात. व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक नावाचा हातात धरून खेळावयाचा संगणक विक्रीस काढला. आतून तो संगणकच. परंतु सर्वांजवळील यंत्रे एकाच घडणीची असल्यामुळे कंपनीला खेळांचे तयार शेडर त्यांच्याकडे आधीच पाठविता येतात. घरच्या साध्या संगणकाला ही सोय कोठली? त्यावर नवा खेळ प्रथम उघडला म्हणजे पुष्कळदा ‘शेडर तयार होत आहेत’ अशा अर्थाचे शब्द दिसतात आणि त्यांखाली एक पट्टी हळूहळू भरू लागते. कधी कधी तिला कित्येक मिनिटे लागतात. उतावीळ मुले ती पट्टी पाहून चडफडतात आणि ती वगळता येत असेल तर वगळून पुढे जातात. त्या वेळी माजघरात पत्र्यांना भोके पाडण्याचे काम चाललेले असते. ते अर्धवट सोडून पुढे गेलेल्या मुलाला तेच काम पुढे वळणावर, टेकडीआड, स्फोटाच्या क्षणी करावे लागते.